एचआयव्ही समूळ बरा करण्याचं संशोधन आणि विदर्भातले तरुण संशोधक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, अकोला, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत हे काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी, तसंच पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून त्यांना शिकवायला तयार असलेल्यांसाठी हे पान आहे. क्रमाने वाचायची गरज नाही. पण मार्गदर्शकांनी रक्ताबद्दलचे प्रश्न वगळू नयेत आणि शिकणाऱ्यांनी नमुन्यांच्या मालकीचा.

एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) मोफत आहे, दिवसाला एक गोळी पुरते. मग या संशोधनाची गरज काय?

सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी मिळते. आज बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकाच गोळीत मिळतात. गोळी चालू असेतो विषाणू दबलेला राहतो, पण संपत नाही. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात तो दोन ते चार आठवड्यांत पुन्हा दिसू लागतो, कारण विश्रांत अवस्थेतल्या सीडी४ स्मृतिपेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींच्या) डीएनएमध्ये त्याची प्रत बसलेली असते. पेशी झोपलेली असते तोवर औषधालाही ती दिसत नाही आणि प्रतिकारशक्तीलाही नाही. हा सुप्त साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. त्या गतीने नुसत्या गोळ्यांवर तो संपवायचा तर सत्तर वर्षं पुरणार नाहीत.

पण हे काम विदर्भातच का? पुण्याला एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे की.

आहे, आणि तिच्याशिवाय इथलं काम उभंही राहणार नाही. पण जगातल्या एचआयव्हीबाधितांपैकी जवळपास निम्म्या लोकांत, आणि भारतात तर बहुतांश लोकांत, विषाणूचा सी उपप्रकार आहे. साठा मोजायच्या चाचण्या मात्र बहुतेक बी उपप्रकारावर बेतलेल्या आहेत, म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या रक्तावर. सी उपप्रकाराच्या एलटीआर भागात (विषाणूची जनुकं चालू-बंद करणाऱ्या टोकाच्या भागात) एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला बसायच्या जागा साधारणपणे तीन असतात, बी मध्ये दोन. भारतात चार जागांचे विषाणूही सापडलेत. झोपलेला विषाणू जागा करण्याची कळ याच भागात असते. त्यामुळे बी वर चाललेलं औषध सी वर तसंच चालेल असं धरून चालता येत नाही.

देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत. नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा या मार्गावरची ट्रक वाहतूक, वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खाणी, कामासाठी बाहेर जाणारे मजूर हे सगळं इथलं आहे. वर्षानुवर्षं नियमित गोळ्या घेणारे रुग्ण इथल्या एआरटी केंद्रांत आहेत आणि त्यांना नावानिशी ओळखणारे समुपदेशकही इथलेच. रक्त इथून जावं आणि प्रश्न दुसऱ्यांनी विचारावेत, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

बर्लिनचा रुग्ण बरा झाला होता. तोच उपाय इथे का नको?

टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताचा कर्करोग होता. २००७ मध्ये त्यांच्यावर अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं. दात्याकडे सीसीआर५ जनुकाचा डेल्टा-३२ हा बदल दोन्ही प्रतींत होता; त्याने बहुतेक एचआयव्हीला पेशीत शिरायचं दार बंद होतं. नंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ वगैरे ठिकाणचे मोजके रुग्ण अशाच वाटेने बरे झाले. हे प्रत्यारोपण स्वतःच जीवघेणं ठरू शकतं, म्हणून कर्करोग नसलेल्या माणसावर ते कोणी करत नाही. शिवाय तो जनुकीय बदल भारतीयांत फार विरळ आहे. साठा नष्ट होऊ शकतो, एवढी खात्री मात्र त्यातून पटली.

मार्गदर्शक म्हणजे प्रबंधाचे गाईडच ना?

नाही. गाईड सही करतात, विद्यापीठाला उत्तर देतात. ते लागतातच. या कामाला मात्र एक माणूस पुरत नाही, तिघं लागतात: प्रयोगशाळेतलं हात धरून शिकवणारा एक, एआरटी केंद्रातला अनुभवी डॉक्टर एक, आणि संख्याशास्त्रज्ञ एक. तिसऱ्याला लोक शेवटी शोधतात, आकडे हातात आल्यावर. तोवर उशीर झालेला असतो.

शिकणारा एमडी झालेला असो की एमएस्सी, फरक पडत नाही. मात्र त्याला आठवड्यातले किमान दोन पूर्ण दिवस मोकळे आहेत, असं विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. ओपीडी, परीक्षांचं काम आणि तपासणीला येणारी पथकं यांतून उरलेल्या वेळात पेशी जगत नाहीत.

पहिल्या वर्षी काय शिकवायचं?

एकच गोष्ट, आणि ती नीट: रक्तापासून गोठवलेल्या जिवंत पेशींपर्यंतचा प्रवास. जनुकसंपादन, सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं), पेशी जागवणारी औषधं हे सगळं नंतर. नमुना मेलेला असेल तर महागडं यंत्र फक्त मेलेल्या पेशींचे नेमके आकडे देतं.

नळी निवडताना चुकू नका. रक्त गोठू नये म्हणून नळीत रसायन असतं. पेशींवर प्रयोग करायचे असतील तर हेपरिन चालतं, पण पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून मोजायची चाचणी) करायचा असेल तर ईडीटीए घ्या, कारण हेपरिन पीसीआरची अभिक्रिया अडवतं. रक्त काढल्यापासून ८ तासांच्या आत पेशी वेगळ्या व्हाव्यात. रक्त जितकं शिळं तितक्या पेशी कमी मिळतात आणि नको असलेल्या ग्रॅन्युलोसाइट पेशी नेमक्या हव्या त्या थरात येऊन बसतात.

पुढची रीत अशी. रक्तात तेवढंच पीबीएस (क्षारांचं सौम्य द्रावण) मिसळा. ५० मिलीच्या नळीत १५ मिली फायकॉल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रव, घनता १.०७७) घ्या आणि त्यावर ३० मिली मिश्रण नळी तिरकी धरून, पिपेट नळीच्या कडेला टेकवून, सावकाश सोडा. दोन थरांमधली रेघ स्वच्छ दिसली पाहिजे; ती धूसर झाली तर तिथेच थांबून नवी नळी घ्या. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट) वर ३० मिनिटं, २० अंशांच्या आसपास आणि ब्रेक बंद ठेवून फिरवा. मधला ढगाळ पांढरा पट्टा उचला, पीबीएसने दोनदा धुवा (३०० जी, १० मिनिटं) आणि ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारं द्रव्य) घालून मोजा. एक मिली रक्तातून साधारण १० लाख पेशी मिळतात. ४० मिली रक्तातून ५० लाखांच्या आठ कुप्या झाल्या तर काम ठीक चाललं आहे.

गोठवायला ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फाच्या स्फटिकांपासून वाचवणारं द्रव). डीएमएसओ मिसळल्यावर १० मिनिटांत कुपी आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यात घालून उणे ८० मध्ये गेली पाहिजे. मिनिटाला एक अंश या गतीने ती थंड होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये हलवा. उणे ८० मध्ये महिनाभर राहिलेली कुपी डीएनएसाठी चालेल, जिवंत पेशींसाठी तिच्यावर विसंबू नका.

सेंट्रिफ्यूजवर फक्त आरपीएम दिसतात. ४०० जी म्हणजे किती?

ते रोटरच्या त्रिज्येवर ठरतं. सूत्र: जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १७ सेंमी असेल तर सुमारे १४५० आरपीएम, १० सेंमी असेल तर सुमारे १८९०. त्रिज्या मध्यापासून नळीच्या तळापर्यंत मोजा, बादली आडवी झालेली धरून. ‘तिकडच्या लॅबमध्ये १५०० लावतात’ म्हणून इथेही १५०० लावणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. दुसरी चूक म्हणजे ब्रेक चालू राहणं. पट्टा विस्कटतो आणि दोष फायकॉलला दिला जातो.

मे महिन्यात पारा ४५ वर जातो. नमुने बर्फात आणावेत का?

अजिबात नाही. पेशींसाठीचं रक्त १८ ते २५ अंशांत राहिलं पाहिजे. बर्फात ठेवलं की थर नीट सुटत नाहीत, आणि जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं तर पेशी शिजतात. लसीच्या कॅरियरमध्ये बर्फाऐवजी २० अंशांवर निवलेल्या पाण्याच्या पिशव्या ठेवा. नळ्या त्यांना थेट टेकू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा घाला. सोबत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवा आणि प्रयोगशाळेत पोचल्यावर आधी त्याचा आलेख बघा, मग नळी उघडा. एप्रिल ते जून रक्त सकाळी ९ च्या आत काढायचं ठरवलं तर निम्मी डोकेदुखी आपोआप जाते.

उणे ८० चा फ्रीझर आणि नायट्रोजन यांचं गणित इथे कसं जमवायचं?

फ्रीझर बंद पडतो तो बहुधा खोलीच्या उष्णतेने आणि कमी-जास्त दाबाने. लोडशेडिंगचा नंबर त्यानंतरचा. एसी नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि एक दिवस जळतो. स्टॅबिलायझर लावा, मागची जाळी दर महिन्याला धुळीपासून साफ करा, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. तापमान उणे ७० वर ठेवलं तरी डीएनएच्या नमुन्यांना धक्का लागत नाही, वीज वाचते आणि यंत्राचं आयुष्य वाढतं. रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या भरा. वीज गेली की दार उघडू नका. ‘बघू तरी किती झालंय’ म्हणून उघडलेलं दारच नमुने घालवतं. जनरेटरची लाईन त्या प्लगला खरंच आली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा समक्ष तपासून घ्या. ‘आहे ना साहेब’ या उत्तरावर थांबू नका.

नायट्रोजनसाठी लांब जायला नको. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुसंवर्धन विभाग जिल्ह्याजिल्ह्यात द्रव नायट्रोजन पोचवतो. त्यांचा पुरवठादार कोण आणि गाडी कोणत्या दिवशी येते ते विचारा, त्याच फेरीत आपलं पात्र भरून घेता येतं का ते ठरवा. पात्र मात्र स्वतःचं हवं. मानवी नमुने आणि रेतमात्रा एका पात्रात कधीही नको. पातळी मोजायची रीतही त्यांच्याकडूनच शिकावी. कोरडी लाकडी पट्टी तळापर्यंत बुडवायची, थोडा वेळ धरायची, बाहेर काढून हवेत हलवायची. पांढरं दव जिथपर्यंत चढतं, तेवढा नायट्रोजन. हा आकडा दर सोमवारी वहीत लिहायचा. उतार नेहमीपेक्षा जलद दिसला तर पात्राचा निर्वात गेला असं समजा आणि त्याच दिवशी कुप्या हलवा. पात्र बंद खोलीत ठेवू नका. नायट्रोजन हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो.

पहिली चाचणी कोणती बसवावी?

एकूण एचआयव्ही डीएनएची साधी पीसीआर. साठ्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रती तुटक्या असतात, त्यांतून विषाणू तयार होत नाही. ही चाचणी तुटक्या आणि अखंड दोन्ही मोजते. मर्यादा मोठी आहे, पण स्वस्त आहे आणि हात बसतो.

पुढची पायरी म्हणजे ड्रॉपलेट डिजिटल पीसीआरवरची (नमुना हजारो थेंबांत विभागून केलेल्या पीसीआरवरची) अखंड प्रती मोजणारी चाचणी. तिच्यात विषाणूच्या डीएनएवर साय आणि एन्व्ह अशा दोन जागी खुणा लावतात. दोन्ही एकाच थेंबात उजळल्या तर प्रत बहुधा अखंड. बी साठी बनवलेले प्रायमर (विषाणूच्या डीएनएला चिकटणारे छोटे तुकडे) सी वर अनेकदा बसत नाहीत, म्हणून सी चे प्रायमर घ्या आणि आधी स्थानिक रुग्णांच्या विषाणूचा तो भाग सिक्वेन्स करून जुळवून बघा. डीएनए काढताना तुकडे होतात, त्याची दुरुस्ती आरपीपी३० या मानवी जनुकावरून करावी लागते. ती न करता दिलेला आकडा आम्ही वाचत नाही. यंत्र प्रत्येक जिल्ह्यात घेण्यात अर्थ नाही. नागपूर किंवा पुण्याला वेळ मागून घ्या, मात्र प्लेट शिकणाऱ्यानेच लावावी.

निकाल शून्य आला. रुग्ण बरा झाला का?

नाही, आणि विद्यार्थ्याने हे वाक्य पहिल्याच महिन्यात घोकावं. शून्याची तीन कारणं असतात: साठा खरंच अगदी लहान आहे, पेशी कमी तपासल्या, किंवा प्रायमर बसला नाही.

किती पेशी पुरेशा? एन पेशी तपासून विषाणू असलेली एकही सापडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण ३ भागिले एन पेक्षा कमी आहे. म्हणजे ‘दहा लाखांत एकापेक्षा कमी’ म्हणायला ३० लाख पेशी तपासाव्या लागतात. एका पेशीत ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे जवळपास २० मायक्रोग्रॅम डीएनए. बहुतेक जण एक मायक्रोग्रॅम घालतात, म्हणजे दीड लाख पेशी, आणि शून्याचा आनंद साजरा करतात. त्यात सीडी४ पेशी वेगळ्या न करता सगळ्या मिसळून घेतल्या असतील, तर ज्यांत विषाणू असतो त्या पेशी आणखीच कमी.

विषाणू वाढवायचे प्रयोग इथे करता येतील?

सुरुवातीला नको. रक्त आणि डीएनएचं काम बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) मध्ये, क्लास-२ कॅबिनेटमध्ये होतं. विषाणू वाढवण्यासाठी लागणारी व्यवस्था वेगळ्या पातळीची आहे. ते काम पुण्यासारख्या ठिकाणी जाऊन करा.

सुई टोचली तर?

साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका. लगेच एआरटी केंद्र गाठा. प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत, आणि पुढे २८ दिवस. रात्री आणि रविवारी हा डोस कुठल्या कपाटात असतो आणि किल्ली कोणाकडे, हे दारावर लिहून लावा. सांडलेल्या रक्तावर ताजं १ टक्का हायपोक्लोराइट. उन्हाळ्यात जुनी बाटली निकामी होते. डीएनए किटमधल्या ग्वानिडिनच्या द्रावणात ते कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो.

परवानग्या कोणत्या आणि कोणत्या क्रमाने?

संस्थेची वैज्ञानिक समिती, मग नोंदणीकृत नैतिकता समिती. एआरटी केंद्रातले रुग्ण किंवा नोंदी वापरायच्या तर राज्य एड्स नियंत्रण संस्था आणि नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना). परदेशी भागीदार किंवा पैसा असेल तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत) आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती. औषध-चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी. नमुने विमानाने पाठवायचे तर यूएन ३३७३ (रुग्णांच्या नमुन्यांचा वाहतूक क्रमांक), तिहेरी वेष्टन. वाढवलेला विषाणू असेल तर नियम वेगळे आणि कडक.

बहुतेक प्रकल्प अडतात ते संमतीपत्रावर. नैतिकता समिती ‘रक्ताचा नमुना’ मंजूर करते, पण साठवण, जनुकीय तपासणी आणि बाहेर पाठवणं यांचा उल्लेखच नसतो. दोन वर्षांनी चांगला प्रश्न सुचतो आणि फ्रीझरमधल्या कुप्यांना हात लावता येत नाही. म्हणून चार स्वतंत्र चौकटी ठेवा: हा अभ्यास, पुढच्या अभ्यासासाठी साठवण, संस्थेबाहेर पाठवणं, पुन्हा संपर्क. प्रत्येकीला हो किंवा नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळात कोलामी बोलणाऱ्यांसाठी मजकूर ऐकवायची सोय करा. अंगठा घेताना साक्षीदार प्रकल्पाबाहेरचा हवा.

सहभागी विचारतात, ‘मी बरा होईन का?’ काय सांगायचं?

‘नाही, या अभ्यासाने तुम्ही बरे होणार नाही. गोळी बंद करायची नाही.’ हे पहिल्या मिनिटात आणि याच शब्दांत. त्यानंतर बाकीचं. हेच उलट्या क्रमाने सांगितलं की माणूस मधलं विसरतो, आशा तेवढी घरी घेऊन जातो आणि एखादा गोळी सोडतो. रक्त ४० मिली म्हणजे चहाचे आठ चमचे, हे पाणी भरून दाखवा. ‘रक्त नेऊन विकतात’ ही शंका गावोगाव असते आणि ती विचारली जाण्याआधीच बोलून घ्यावी.

तारीख गोळ्या घ्यायच्या दिवसाला जोडा, म्हणजे वेगळी मजुरी बुडत नाही. व्हायरल लोडचं (रक्तातला विषाणू मोजण्याचं) रक्तही त्याच टोचणीत निघतं. सोयाबीनच्या सोंगणीत, कापसाच्या वेचणीत, पूर्वेकडे तेंदूपत्त्याच्या हंगामात कोणी येणार नाही, हे वेळापत्रकात आधीच धरा. प्रवासखर्च रोख द्या. बँकेत टाकला तर प्रकल्पाच्या नावाचा संदेश घरातल्या सामाईक मोबाईलवर येतो. प्रकल्पाची पाटी लावलेली गाडी कोणाच्या दारात नको. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा समजावून घेतलेली संमती आणि गोपनीयता बंधनकारक करतो, पण गावात माहिती फुटते ती अशाच बारीक भोकांतून.

गोळी थांबवून विषाणू परत येतो का ते पाहण्याचे अभ्यास इथे करावेत?

आज तरी नाही. त्यात जवळपास दर आठवड्याला व्हायरल लोड, निकाल दोन-तीन दिवसांत आणि जोडीदाराच्या संरक्षणाची पक्की व्यवस्था लागते. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ उमलाझीत २० महिलांसोबत असा अभ्यास झाला, तो तरुण मुलींशी अनेक वर्षं जोडलेल्या आणि संसर्ग अगदी सुरुवातीला पकडणाऱ्या प्रकल्पाच्या पायावर. तो पाया आधी, अभ्यास मग.

नमुने बाहेर गेले तर शोधनिबंधावर नाव कोणाचं?

पहिली कुपी निघण्याआधी एक पानी करार करा. त्यात पाच गोष्टी: कोणत्या प्रश्नासाठी नमुना जातो आहे, उरलेल्याचं काय करायचं, कच्चा डेटा किती दिवसांत परत येईल, पहिलं आणि शेवटचं नाव कोणाचं, दुसऱ्या प्रश्नासाठी वापरायचा तर कोणाची परवानगी लागेल. निम्मा नमुना नेहमी इथेच ठेवा. ‘आपली माणसं आहेत, कागद कशाला’ असं म्हणणाऱ्या ज्येष्ठांना कागद आधी द्या. एक गोष्ट मार्गदर्शकांसाठी: शिकणाऱ्याला आभारात टाकून मोकळं होऊ नका. त्याने प्रश्न घडवला, काम केलं, मसुदा लिहिला, तर तो लेखक आहे. आणि ज्यांनी फक्त फ्रीझरची खोली दिली, ते विभागप्रमुख असले तरी लेखक नाहीत. हे बोलणं अवघड जातं, म्हणून ते मार्गदर्शकाने बोलावं.

मार्गदर्शक दूर आहेत. भेटी कशा ठेवायच्या?

दर आठवड्याला ४५ मिनिटं, ठरलेल्या वेळी, आणि तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष, निदान दोन पूर्ण दिवस बाकावर. ‘समजलं का?’ विचारू नका. उत्तर ‘हो सर’ असंच येणार. कॅमेऱ्यासमोर वही उघडायला सांगा. पेशींची संख्या, जिवंत टक्केवारी, वितळवल्यावर उरलेल्या पेशी. वितळवल्यावर ७० टक्क्यांच्या खाली जिवंत असतील तर त्या आठवड्यात नवा रुग्ण घेऊ नका, कारण शोधा. वाईट आकडा दाखवल्यावर ओरडा मिळत नाही हे दोन-तीनदा दिसलं की वहीत खरे आकडे येऊ लागतात.

पैसे आणि पुढची वाट?

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आयसीएमआरची अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना, पीएचडीनंतर डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि वेलकम ट्रस्टची इंडिया अलायन्स. काही शासकीय महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय संशोधन विभाग आहेत, तिथली यंत्रं बऱ्याचदा झाकलेली असतात, मागा. आंतरराष्ट्रीय एड्स सोसायटी नव्या संशोधकांसाठी या विषयाची अकादमी चालवते. अर्जात यंत्राआधी तंत्रज्ञाचा पगार आणि नायट्रोजन मांडा, ते नेमकं राहून जातं.

सिकलसेलचे रुग्ण अभ्यासात घ्यावेत का?

विदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही. पहिल्या अभ्यासात सिकलसेल आजार असलेल्यांना घेऊ नका: हिमोग्लोबिन आधीच कमी असतं आणि फायकॉलवर लाल पेशी पांढऱ्या पट्ट्यात मिसळतात. वाहकांना घ्या, मात्र नोंद करा आणि पट्टा लाल दिसला तर अमोनियम क्लोराइडने ५ मिनिटं लाल पेशी फोडून पुन्हा धुवा. रक्त काढण्याआधी सगळ्यांचंच हिमोग्लोबिन बघा.

पुढे मात्र हे दोन आजार एकाच टेबलावर येणार आहेत. अमेरिकेची एनआयएच (सरकारी आरोग्य संशोधन संस्था) आणि गेट्स फाउंडेशन यांनी २०१९ मध्ये सिकलसेल आणि एचआयव्ही या दोन्हींवर गरीब देशांना परवडेल असा जनुकीय उपाय शोधण्यासाठी एकत्र निधी जाहीर केला, कारण दोन्हीकडे रक्ताच्या मूळपेशी आणि त्यांतलं संपादन हाच रस्ता आहे. सिकलसेलवरच्या जनुकसंपादन उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यताही मिळाली. तेव्हा तुमच्या महाविद्यालयातल्या सिकलसेल विभागाशी आत्ताच ओळख काढून ठेवा. फ्रीझर, नायट्रोजन आणि संमतीपत्राच्या चौकटी दोघांनाही सारख्याच लागणार आहेत.